पंचेचाळीस टँकरचं अंगण

ब्रेकर थांबला, धुरळा खाली बसला आणि आम्ही सात-आठ जण खड्ड्याभोवती वाकून बघू लागलो. बोरिवली पूर्वेला आमची जुनी चार मजली इमारत आहे. तिच्या दारापासून गेटपर्यंत साधारण दोनशे चौरस मीटर मोकळी जागा. नकाशावर ती ‘ओपन स्पेस’, सभेच्या इतिवृत्तात ‘कंपाउंड’ आणि तळमजल्यावरच्या आजींच्या तोंडी पहिल्यापासून ‘अंगण’. पेव्हर ब्लॉक खचले होते, पावसात घोटाभर पाणी साचायचं, म्हणून ही जागा नव्याने करायचं वार्षिक सभेत ठरलं. कारंजं हवं का, गेटला कमान हवी का, यावर महिनाभर चर्चा झाली. खड्ड्यात डोकावल्यावर ती सगळी चर्चा माझ्या डोक्यातून निघून गेली.

वर ब्लॉक. त्याखाली दगडाची भुकटी. त्याखाली चांगलं चार इंच काँक्रीट. मग बांधकामाच्या वेळचं राबिट: विटांचे तुकडे, फुटक्या टाइल्स, एक गंजलेली बिजागरी. आणि त्याच्याही खाली, दीडेक फुटावर, पिवळट तांबूस मुरूम. मुरूम म्हणजे झिजून झिजून ठिसूळ झालेला काळा दगड, आणि आपल्याकडचा काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा. अंधेरीची गिल्बर्ट हिल तुम्ही पाहिली असेल. इमारतींच्या गर्दीतून अचानक वर आलेले ते उभे काळे खांब सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना घडले. त्याच काळातल्या अग्नीचा चुरा आमच्या स्कूटरच्या चाकांखाली इतकी वर्षं पडून होता आणि आम्ही त्यावर दर दिवाळीला रांगोळीचे स्टिकर चिकटवत होतो.

अंगण नवं करायचं म्हणजे झाडं कोणती लावायची हे ठरवायचं, असं मला तोवर वाटायचं. त्या दिवसापासून मी उलट बाजूने बघायला लागले. या जागेकडे आपणहून काय काय चालत येतं? पाऊस येतो, ऊन येतं, पाखरं येतात. त्यांना ठेवून घ्यायचं की दारातून परत पाठवायचं, एवढंच आपण ठरवतो.

पावसाचं गणित विलक्षण सोपं आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं. सांताक्रूझच्या वेधशाळेत पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस नोंदला जातो. दोनशे गुणिले सव्वादोन हजार, म्हणजे साडेचार लाख लिटर. मे महिन्यात सोसायट्या जो टँकर मागवतात तो दहा हजार लिटरचा धरला तर पंचेचाळीस टँकर. गच्चीवर पडणारा पाऊस यात धरलेला नाही. हे फक्त दारापासून गेटपर्यंतचं पाणी. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. मी कागदावर गुणाकार केला: त्या दिवशी आमच्या गेटच्या आत, आकाशातून सरळ खाली, जवळजवळ एकोणीस टँकर ओतले गेले होते.

या पाण्याचं आम्ही काय करत होतो? उतार देऊन चेंबरकडे, चेंबरातून गटारात, गटारातून नाल्यात, नाल्यातून खाडीत. आणि मग ठाणे-नाशिकच्या डोंगरांतल्या तानसा, वैतरणा, भातसाच्या तलावांतून मैलोन् मैल पाइपांनी आलेल्या पिण्याच्या पाण्याने कुंड्यांना पाणी घालत होतो. महापालिकेने 2002 मध्ये हजार चौरस मीटरहून मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींना पर्जन्यजल संधारण सक्तीचं केलं आणि 2007 मध्ये ही मर्यादा तीनशे चौरस मीटरवर आणली. आमची इमारत त्याआधीची. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, आम्हीही स्वतःला विचारलं नव्हतं.

आमच्या गच्चीवरून नॅशनल पार्कचे डोंगर दिसतात. त्याच डोंगरांत हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वी सोडवून ठेवलेला आहे, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. कान्हेरीला शाळेच्या सहलीपासून किती वेळा गेले असेन, पण दर वेळी पाय तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्याकडेच वळायचे. या खेपेला मी फक्त अंगणं बघितली.

तिथल्या शंभराहून जास्त लेण्यांपैकी बहुतेक विहारांना स्वतःचं अंगण आहे. भिक्षूंनी खडक कोरताना आधी दारापुढची जागा मोकळी केली: पायऱ्या, एक मोकळा चौक, टेकायला दगडी बाक आणि चौकाच्या एका बाजूला, खडकाच्या पोटात शिरलेलं पाण्याचं टाकं. टाक्याचं तोंड लहान, सावलीत. पोट आत मोठं. डोंगराच्या उतारावर आणि लेण्यांच्या कपाळावर बारीक चर कोरलेले आहेत. वरून येणारं पाणी त्यांतून वळत वळत टाक्यांकडे येतं. तिथल्या शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटलं आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या गृहस्थांनी लेणी दिली तशी पोढीही दान दिली. पोढीचं दान! सहज उतरत्या दगडावरून वाहून जाणारं पाणी अडवणं हे तेव्हा पुण्यकर्मांच्या यादीत होतं. मी एका चौकात उकिडवी बसून तळहात जमिनीला लावला. डोळ्याला सपाट दिसणारा दगड हलकासा एका बाजूला कलता होता. कुणीतरी छिन्नीने, बोटाबोटाने तो उतार साधला होता. त्या कलाकडे मी पाऊण तास बघत बसले.

परत आल्यावर आजींना सांगितलं. त्या मूळच्या सिंधुदुर्गातल्या. त्यांना कान्हेरीचं फारसं आश्चर्य वाटलं नाही. “आमच्या गावाक खळा दरवर्सा नवा करूचा लागता,” म्हणाल्या. मग मला सगळं सविस्तर ऐकवलं. पावसाळाभर दारापुढचं खळं मोकळं सोडलेलं असतं. त्यावर गवत उगवतं, गांडुळं वर येतात, पाणी हवं तसं मुरतं. पाऊस सरला, दिवाळीचे दिवस आले की जमीन वरवर खणायची, ढेकळं फोडायची, पाणी शिंपडायचं आणि लाकडी चोपण्याने चोपून चोपून तिला टणक करायचं. वर शेणाचं सारवण. मग झावळ्यांचा मांडव. त्याच्या सावलीत भाताची झोडणी, आमसुलांची वाळवणं, लग्नं, दशावताराच्या गप्पा. मे संपला की मांडव उतरतो आणि पहिल्या पावसात खळं परत मऊ होतं. चार महिने पावसाचं, आठ महिने माणसांचं. दरवर्षी नव्याने केल्या जाणाऱ्या अंगणाबद्दल मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि ते माझ्या पायाखालच्या मजल्यावर तीस वर्षं राहत होतं.

आम्हाला गाड्या लावायच्या होत्या, अग्निशमन दलाच्या गाडीला वाट मोकळी ठेवायची होती, त्यामुळे शेणाचं सारवण शक्य नव्हतं. पण आजींच्या खळ्यातली एक गोष्ट उचलता आली: पावसाच्या वेळी जमिनीचं तोंड उघडं ठेवायचं. गाड्यांच्या वाटेवरचं काँक्रीट काढून खाली खडीचा थर दिला आणि वर भोकं असलेले जाळीचे ब्लॉक बसवले. भोकांत माती आणि हरळी. उरलेल्या जागेतलं राबिट उपसून लाल माती, शेणखत आणि पाचोळा भरला. आणि इमारतीच्या पायापासून चांगलं दूर, कुंपणाच्या बाजूला, एक उथळ खळगा केला. सगळे उतार त्या खळग्याकडे.

खळगा किती खोल हवा, हे जमिनीलाच विचारावं लागतं. त्याची युक्ती कुणालाही घरी करता येईल अशी आहे. फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, ते पूर्ण जिरू द्या. मग पुन्हा भरा आणि घड्याळ लावा. पहिलं पाणी तहानलेली माती पिते, दुसऱ्या पाण्याचा वेग खरा. आमच्या मुरमाने तासाला दीड इंच पाणी आत घेतलं. नऊ इंचांचा खळगा म्हणजे सहा तासांत रिकामा. डासांची काळजी करणाऱ्यांना मी हेच सांगितलं: अंड्यातून डास उडायला आठवडाभर तरी लागतो, आणि इतके दिवस पाणी तिथे थांबतच नाही. भर जुलैत जमीन तुडुंब झाली की खळगा ओसंडतो, तेव्हा जादा पाणी जुन्या चेंबरात जाईल अशी वाट ठेवली आहे. खळग्यात वाळा लावला. वर दिसतं ते साधं गवत, पण त्याची सुगंधी मुळं आडवी न पसरता सरळ खाली जातात, तीन-तीन मीटरपर्यंत. पाण्याला खाली उतरायला त्याने जणू जिने बांधून दिले.

गेटजवळच्या बकुळीच्या बुंध्याला काँक्रीटने गळ्यापर्यंत आवळलं होतं. झाड जमिनीवर जसं दिसतं तसंच उलटं जमिनीत असेल, अशी आपली समजूत असते. तसं नसतं. मुळं खोल जातात त्याहून आडवी जास्त पसरतात, फांद्यांच्या घेराच्याही बाहेर, आणि पाणी शोषणारी केसासारखी बारीक मुळं बहुतेक वरच्या दोन फुटांत असतात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. मुळं श्वास घेतात, अगदी आपल्यासारखा: प्राणवायू आत, कर्बवायू बाहेर. चांगल्या मातीचा जवळजवळ अर्धा भाग निव्वळ पोकळी असते, पाण्याने आणि हवेने भरलेली. ती पोकळी म्हणजे झाडाची फुप्फुसं. त्यावर चार इंचांचं झाकण घातलं की झाड लगेच मरत नाही. मुळं कुजत, आखडत जातात आणि एखाद्या जूनच्या वादळी रात्री ते सगळंच्या सगळं आडवं होतं. सकाळी आपण म्हणतो, वारा फार होता. बकुळीभोवतीचं काँक्रीट आम्ही ब्रेकर न लावता छिन्नी-हातोड्याने काढलं. दोन मजुरांना दीड दिवस लागला. पैशांवरून थोडी कुरकुर झाली, पण मला तो खर्च संपूर्ण कामातला सर्वांत योग्य खर्च वाटतो. (फांदी छाटायची असली तरी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, 1975 चा कायदा आहे. मुळं गुदमरवायला मात्र कुणाचीच लागत नाही.)

झाड सावलीखेरीज आणखी एका मार्गाने गारवा देतं, आणि त्याचा हिशेब करून बघितल्यावर मी थक्क झाले. पानांतून पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना पाणी भोवतालची उष्णता ओढून घेतं. दीड टनाचा एसी पूर्ण जोराने चालला तर तासाभरात जेवढी उष्णता खोलीबाहेर फेकतो, तेवढी शोषायला जेमतेम आठ लिटर पाण्याची वाफ पुरते. मोठं झाड दिवसाला शंभर लिटर पाणी सोडत असेल, तर त्याने बारा तास एसी चालवला. एसीने काढलेली उष्णता शेजारच्या खिडकीवर आदळते, झाडाने घेतलेली वाफेत दडून निघून जाते. दमट हवेत हे काम मंदावतं, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेकडून कोरडे वारे येतात, अंगाची लाही होते, तेव्हा बकुळीखाली उभं राहून बघा.

उन्हाचा अभ्यास मी खडूने केला. आमचं अंगण उत्तरेला. माळीकाका म्हणाले होते, “ताई, उत्तरेला ऊन नसतं, सावलीची झाडं लावू.” थंडीत ते अगदी खरं आहे, डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला आणि इमारतीची सावली पार गेटपर्यंत. पण मुंबई एकोणीस अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. 15 मेच्या आसपास एके दिवशी भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायातच नाहीशी होते. त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो. आमच्या उत्तरेच्या भिंतीवर मे महिन्यात कडकडीत ऊन पडतं! पोरांना बोलावून दर महिन्याला सावलीची कड खडूने आखली. त्या रेषांच्या आत अळू, कर्दळ आणि नेचे. बाहेर लिंबू, कढीपत्ता, जास्वंद. आणि जिथे सकाळचं ऊन लवकर पोचतं तिथे पारिजातक, ज्याची फुलं ते ऊन पोचायच्या आतच गळून पडलेली असतात.

जुना चाफा होता तिथेच ठेवला. देवळापुढे, समाधीपुढे इतका शोभणारा हा पांढरा चाफा मूळचा मध्य अमेरिकेतला, समुद्र ओलांडून आलेला आणि इतका आपला झालेला. त्याचा वास रात्री वाढतो. तो वास रात्री उडणाऱ्या मोठ्या पतंगांसाठी असतो. पतंग मधाच्या आशेने येतात, एका फुलातून दुसऱ्या फुलात सोंड घालतात, आणि फुलात मध नसतोच. शोधाशोधीत परागकण इकडचे तिकडे होतात. दिवसा पूजेच्या ताटात निरागस दिसणारं फूल रात्रभर हा उद्योग करतं. रात्री साडेदहाला टॉर्च न लावता चाफ्याखाली थांबलं तर पंखांची फडफड ऐकू येते.

जूनच्या पहिल्या सरीला सगळी सोसायटी खाली आली होती. इतकी वर्षं पहिल्या पावसात आमच्याकडे ओल्या सिमेंटचा वास यायचा. त्या संध्याकाळी मातीचा आला. तो वास म्हणजे जिओस्मिन नावाचं द्रव्य, मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जिवाणूंनी तयार केलेलं. हजार अब्ज भागांत त्याचे मोजके भाग असले तरी माणसाच्या नाकाला कळतात. आणि जिवाणू हा वास आपल्यासाठी तयार करत नाहीत, हे 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसलं: टाचणीच्या डोक्याएवढे, टुणकन उडणारे स्प्रिंगटेल नावाचे जीव त्या वासाने ओढले जातात, जिवाणूंवर ताव मारतात आणि अंगाला चिकटलेली बीजं दूर नेऊन पेरतात. आपण गॅलरीत उभं राहून डोळे मिटून हुंगतो, ते दुसऱ्याच कुणासाठी धाडलेलं आमंत्रण.

गांडुळं मात्र कुठून आली, मला अजून नवल वाटतं. ऑगस्टमध्ये मातीवर त्यांच्या विष्ठेच्या बारीक बारीक ढिगुळ्या दिसायला लागल्या. चार्ल्स डार्विनने आपलं शेवटचं पुस्तक याच प्राण्यावर लिहिलं, 1881 मध्ये. गांडुळं खालची माती वर आणून टाकतात आणि वरच्या वस्तू हळूहळू जमिनीत बुडतात, हे मोजायला त्याने घराच्या आवारात एक मोठा दगड ठेवला होता. जगभर फिरून आलेल्या माणसाने उतारवयात स्वतःच्या अंगणात एक दगड बुडताना बघत बसावं, हे मला फार आवडतं.

कढीपत्त्याच्या पानांवर सप्टेंबरात चिमणीची शीट पडल्यासारखे ठिपके दिसले. मी पुसायला गेले आणि एक ठिपका चालू लागला. कॉमन मॉरमॉन फुलपाखराची अळी. लहानपणी ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणजे पक्षी तिला खात नाहीत. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. आणि डिवचली तर डोक्यामागून लालसर दुहेरी शिंग बाहेर काढते, ज्याला उग्र वास येतो. तिचा मोठा भाऊबंद ब्लू मॉरमॉन लिंबाच्या कुळावरच वाढतो. 2015 मध्ये महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला, देशात पहिल्यांदाच. पानफुटीच्या जाड पानात तर एक अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये शिरून आतल्या आत गर खात राहते. पान उजेडासमोर धरलं तर ती चालताना दिसते. तिचं पुढे रेड पिएरो होतं, खालून काळे ठिपके आणि शेंदरी किनार. कुंपणाबाहेरच्या रुईवर प्लेन टायगर. रुईच्या चिकात हृदय बंद पाडणारं विष असतं. अळी ते खाते, पचवते आणि फुलपाखरू झाल्यावरही अंगात बाळगते. ज्या पक्ष्याने एकदा चव घेतली तो पुन्हा त्या केशरी पंखांच्या वाटेला जात नाही.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला माळीकाका जाळीच्या ब्लॉकमधलं तण काढत होते. हरळीत सगळीकडे घोळ माजली होती, तीच आपली भाजीची घोळ, तांबूस देठांची, मांसल पानांची. एका ब्लॉकशी एक प्लेन टायगर घुटमळत होतं. मला जरा विचित्र वाटलं, कारण रुई तर कुंपणापलीकडे. जवळ जाऊन बघितलं आणि मागच्या पंखावरचे काळे ठिपके मोजले. प्लेन टायगरला ते अधिक असतात. हे दुसरंच होतं: डॅनाइड एगफ्लायची मादी. तिच्या अंगात विष नाही, काही नाही. तिने फक्त विषारी शेजारणीचा वेष घेतला आहे, रंग, किनार, अगदी उडण्याची संथ ढबसुद्धा. आणि तिची पिल्लं रुई खात नाहीत. घोळ खातात.

ती खाली उतरली, पोट वाकवलं, उडाली, पुन्हा उतरली. काका खुरपं हातात घेऊन तसेच थांबले. “राहू दे का हे एवढं?” त्यांनी हळू आवाजात विचारलं. मी मान हलवली. दोघांनी मिळून त्या ब्लॉकभोवती चार विटा ठेवल्या, म्हणजे संध्याकाळी गाडी लावताना कुणाचं चाक त्यावर जाणार नाही.